वाचणाऱ्याची सही

माझ्या वडिलांना सगळे सेंटीमीटर म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. आज ओढ्याला फार पाणी आलंय असं कुणी सहज म्हणालं, की बाबा चालता चालता थांबायचे आणि विचारायचे, फार म्हणजे किती? समोरच्याने गुडघ्याएवढं म्हटलं तर कुणाच्या गुडघ्याएवढं, हाही प्रश्न यायचा. आई होती तेव्हा म्हणायची, या माणसाशी संसार करायचा म्हणजे चहात साखर टाकतानाही हात कापतो.

त्यांचं कामच तसं होतं. आमच्या मागच्या डोंगरातून एक ओढा उतरतो. त्याला बारा महिने पाणी असतं, म्हणजे असायचं. जुन्या दगडी पुलाच्या खांबाला सरकारने एक लोखंडी मोजपट्टी बसवली होती, पांढऱ्यावर काळे आकडे. रोज सकाळी सात वाजता तिथे जायचं, पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते पाहायचं आणि नोंदवहीत लिहायचं. तारीख, वेळ, पातळी आणि शेवटच्या रकान्यात वाचणाऱ्याची सही. एकतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. माझं लग्न होतं त्या सकाळीही ते सात वाजता पुलाखाली होते आणि संसार मोडून मी परत आले त्या सकाळीही. त्या दिवशीची पातळी त्रेचाळीस होती. मी नंतर वही उघडून पाहिलं.

या कामाचे दोन नियम होते. ते सरकारने घातलेले नव्हते. बाबांना ज्या म्हाताऱ्या मापकाने काम शिकवलं, त्याने घालून दिले होते. पहिला नियम, आकडा मोठ्याने दोनदा म्हणायचा. एकदा पाण्याकडे बघत आणि एकदा कागदाकडे बघत. दोन्ही वेळा तोच निघाला तरच लिहायचा. दुसरा नियम, चुकलं तर खोडायचं नाही. चुकीवरून लाल शाईची एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. मग शेजारी बरोबर असेल ते लिहून सही करायची. आमच्या घरात खोडरबर कधी आलंच नाही. शाळेत मी शेजारणीचं मागून घ्यायची आणि घरी सांगायची नाही.

मग बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदू कडेकडेने आत येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवू या. तेही फारसं टिकलं नाही. एका सकाळी बाबा पुलाखालून परत आले आणि पायरीवर बसून म्हणाले की पट्टी दिसते पण आकडे दिसत नाहीत. ऑफिसला कळवायला हवं, अर्ज लिही.

सरकारी कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आसपास कुणी नाही. बदलीचे, बढतीचे, तक्रारीचे, माफीचे, सगळ्या जगाचे अर्ज मी लिहिले, तो एक मात्र लिहिला नाही. तेव्हा खातं एकेक मोजणी केंद्र बंद करत सुटलं होतं. मापकाला दिसत नाही हे कळलं असतं तर त्यांना आयतं निमित्त मिळालं असतं, आणि बाबांच्या हातातून वही गेली असती. मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही लिहा. अक्षर तुमचं, वही तुमची, कुणाला काय कळतंय.

ही माझी चूक. पुढचं सगळं मी सरकारच्या माथी मारते आणि मारत राहीन, पण ही एवढी माझी आहे.

त्यानंतर अडीच वर्षं रोज सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून पुलाखाली नेत होते. ते काठावर उभे राहून कान द्यायचे आणि मी वाचायच्या आधीच आकडा जाहीर करायचे. अडतीस. मी पट्टी बघून म्हणायची, सदतीस, सदतीस. ते चिडायचे, नीट बघ म्हणायचे. मी पुन्हा वाकून बघायची, तर सदतीसच. मग पुटपुटत ते लिहायचे आणि ओळ सुटू नये म्हणून मी खाली बोट धरायची. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचा अंदाज तंतोतंत यायचा. त्या दिवशी स्वारी खूश असायची, घरी आल्यावर दुसरा कप चहा मागायची. खरं सांगते, माझ्या आयुष्यातल्या बऱ्या सकाळी म्हणजे त्याच.

शेवटच्या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन रोज जरासं अडायचं. वाचणाऱ्याची सही. मी बघूनही न बघितल्यासारखं करायची आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागायची.

आता सरकारचं. आठ-नऊ वर्षांपूर्वी याच सरकारने मोठ्या थाटात कायदा केला होता की बारमाही ओढ्याच्या दोन्ही काठांना अर्ध्या किलोमीटरपर्यंत कुणी खोदकाम करायचं नाही. मंत्री कुठल्याशा परिषदेत जगासमोर शब्द देऊन आले, आल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि कचेरीच्या भिंतीवर हिरव्या रंगात हातभर अक्षरं उमटली: 'पाणी राखू, शब्द पाळू.' माझ्या काउंटरवरून ती समोरच दिसायची. पुढे आमच्या डोंगरात बॅटरीला लागणारा कसलासा धातू सापडला आणि भाषा बदलली. कायदा रद्द करतो असं कुणी म्हणालं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. कायद्याचं सुलभीकरण करतो म्हणाले.

ते सुलभीकरण माझ्याच दुकानात झेरॉक्सला आलं. कचेरीचा शिपाई वीस प्रती सांगून चहाला गेला आणि मशीन चालू असताना मी वाचत बसले. ज्या ओढ्याची सलग दहा वर्षांची रोजची नोंद आहे, आणि ती नेमलेल्या मापकाने स्वतः वाचून केलेली आहे, तेवढेच ओढे यापुढे राखीव. बाकीचे यादीतून वगळावेत. मला हसूच आलं. आधी मोजणारे काढून टाकायचे आणि मग मोजलेलं दाखवा म्हणायचं. पण लगेच लक्षात आलं की आमच्या ओढ्याची नोंद आहे. दहा नाही, एकतीस वर्षांची, एक दिवस न चुकलेली. छाती भरून आली. मग मी ते वाक्य परत वाचलं आणि 'स्वतः वाचून' हे दोन शब्द दिसले.

महिन्याभराने बाबांना सुनावणीची नोटीस आली. मापकाने हजर राहून शपथेवर सांगायचं होतं की सगळी वाचनं त्याने स्वतः घेतली आहेत.

घरात तीन दिवस तोच विषय होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा खाणीच्या कंपनीत ड्रिलिंगच्या गाडीवर नुकताच लागला होता. चार वर्षं घरी बसून काढल्यावर लागलेलं काम. तो जेवताना ताटाकडे बघत म्हणाला की ओढे पुष्कळ आहेत, कामं नाहीत. मला त्याचा राग आला. बाबांचं भांडण मात्र माझ्याशी होतं.

"एक 'हो' म्हणायचंय बाबा. एवढंच," मी म्हटलं.

"मी वाचलं नाही ते वाचलं म्हणू?"

"रोज ऐकून सांगत होता की. माझ्या आधी सांगत होता."

"कानाला सेंटीमीटर कळत नाही गं."

"आकडे तर खरे आहेत ना? एक तरी खोटा आहे का त्यात?"

"नाही. आकडे खरे आहेत," ते म्हणाले. "सही तेवढी खोटी आहे."

मी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. तुमच्या सोवळेपणापायी ओढा जाईल म्हटलं. दोन किलोमीटर खाली लोक त्याचं पाणी पितात, त्यांना जाऊन सांगा की आमचे बाबा फार खरं बोलतात म्हणून तुमची विहीर आटली. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीत नोंद केली, पेन खिशाला लावलं आणि स्कूटरवर बसता बसता म्हणाले, "म्हणेन हो."

सुनावणीची खोली कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. नोंदवह्यांचा गठ्ठा एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेला, गाठ खात्याच्या ऑफिसात मारलेली, अजून तशीच. ती गाठ कुणी सोडलेलीच नाही हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नाही. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला मऊ. त्यांनी बाबांना आधी पाणी विचारलं, मग बसायला सांगितलं, मग कागदावरचा प्रश्न वाचला. या केंद्रावरची सगळी वाचनं आपण स्वतः घेतली आहेत काय?

बाबा सरळ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"हो," ते म्हणाले.

एकदाच. दोनदा म्हटल्याशिवाय कुठली गोष्ट खरी न मानणारा माणूस, ते एकदा म्हणून गप्प बसला.

मग जबाबावर सही करायची होती. बाईंनी कागद पुढे सरकवला. रेघ कुठे आहे ते बाबांना दिसणार नव्हतं. त्यांचं पेन कागदावर चाचपडायला लागलं, एकदा शिक्क्याच्या जागी गेलं, एकदा कागदाबाहेर काचेवर. आता सगळं उघडं पडणार म्हणून मी उठायला लागले. तेवढ्यात बाईंनी स्वतःच हात पुढे केला, कागद जरा तिरका केला आणि बाबांचं बोट अलगद रेघेवर ठेवलं. जिना उतरताना मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं. म्हटलं, कचेरीतही माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी पुलाखाली बाबांनी आकडा ओळखला नाही. मी म्हटलं, सांगा की आज किती. ते म्हणाले, तूच बघ.

चार दिवसांनी शिपाई परत आला, चाळीस प्रती काढायला. वगळलेल्या ओढ्यांचा अंतिम आदेश होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं की राष्ट्राच्या गरजेचं खनिज जिथे असेल तिथे नोंदींची अट लागू राहणार नाही, म्हणजे नोंद असली तरी ओढा वगळणार. दुसऱ्या पानावर यादी होती आणि सतराव्या क्रमांकावर आमचा ओढा. मी खाली सहीकडे बघितलं, सहीखाली तारीख होती. सुनावणीच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे बाबांना पाणी विचारलं, खुर्ची दिली, शपथ दिली, ते सगळं फाईल पूर्ण दिसावी म्हणून. त्या बाईंना दिसलं होतं की या माणसाला दिसत नाही. त्याने काही बिघडणार नव्हतं म्हणून त्यांनी बोट धरलं. मी दयेचा अर्थ लावत जिना उतरले होते.

मशीन बंद पडलंय म्हणून सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग मी चाळीस प्रती काढल्या. छान आल्या, अक्षर न् अक्षर स्पष्ट.

दुकान अर्ध्यावर बंद करून घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी आवाज बारीक केला.

"तारीख किती आहे म्हणालीस?"

मी सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग पुन्हा मोजले.

"म्हणजे मी बोललो तेव्हा ठरून गेलेलं होतं."

"हो बाबा."

"मग मी खोटं कशाला बोललो?"

त्यांनी मला विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, रडले असते, पाय धरले असते. पण ते मला विचारत नव्हते. स्वतःलाच विचारत होते, आणि खरोखर उत्तर शोधत होते. मी तिथेच खाली बसले आणि रेडिओवर कुणीतरी बाजारभाव वाचत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी लाल पेन मागितलं.

बाबा प्रत्येक नोंद दोन वह्यांत करायचे. ऑफिसची प्रत गठ्ठ्यात बांधलेली होती, पण घरची प्रत कपाटात होती. अडीच वर्षांच्या तीन वह्या काढायला लावल्या. प्रत्येक दिवसाच्या ओळीत शेवटच्या रकान्यातली आपली सही काटायची, एका रेघेने, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहायचं, 'वाचन: मुलगी'. पुढे सही आणि आजची तारीख. नऊशे अकरा ओळी होत्या. मी म्हटलं, पहिल्या पानावर एकदाच टीप लिहू या. ते म्हणाले, चूक एकदाच केली का मी?

दुपारी मी दुकान बंद करून यायची आणि आम्ही बसायचो. मी ओळीखाली बोट धरायची, ते रेघ मारायचे. काही दिवशी वीस ओळी व्हायच्या, काही दिवशी साठ. रेघा वाकड्या जायच्या, 'मुलगी' शब्द कधी शेजारच्या रकान्यात घुसायचा. माझ्या बोटांवर लाल रेघोट्या उठल्या होत्या. गिऱ्हाइकं विचारायची, कापलं का? मी हो म्हणायची. प्रत्येक ओळीला ते पातळी विचारायचे आणि मी सांगितली की मान हलवायचे. अरे हो, त्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला होता. एकेचाळीस ना, मी बेचाळीस म्हणालो होतो. एका ओळीला ते हसले, त्या दिवशी माझी घसरगुंडी होऊन मी कमरेएवढ्या पाण्यात बसले होते आणि तशीच बसून आकडा ओरडले होते. आम्ही दोघंही हसलो आणि मग पुढची ओळ धरली.

त्या दिवसांतच कचेरीच्या भिंतीवरची हिरवी अक्षरं पांढऱ्या रंगाखाली गेली. आणि वर डोंगरात खोदकाम सुरू होऊन ओढा उतरायला लागला. मोजणी केंद्र कागदोपत्री बंद झालं होतं, तरी आम्ही जात होतो. शेवटचा रकाना मात्र बाबा आता कोरा सोडायचे. चौतीस. अठ्ठावीस. एकोणीस. वर्षाच्या त्या महिन्यात तीसच्या खाली तो एकतीस वर्षांत कधी गेला नव्हता.

वह्या पुऱ्या झाल्या तेव्हा बाबांनी अर्ज सांगितला आणि मी टाईप केला. सुनावणीत मी 'हो' म्हणालो ते चुकीचं होतं, अमुक तारखेपासून डोळ्यांच्या आजारामुळे वाचन माझी मुलगी करत होती, आकडे बरोबर आहेत, सोबत दुरुस्त केलेल्या वह्या जोडल्या आहेत. अडीच वर्षांपूर्वी जो लिहायला हवा होता, तोच अर्ज. खालच्या टेबलावर तो घेईनात. केंद्रच नाही तर आवक कशाची, म्हणाले. मी सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले आणि तिन्ही वह्या बाईंच्या काचेवर ठेवल्या. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचला. एक वही उघडली, चार-पाच पानं उलटली. लाल रेघांवरून त्यांची नजर फिरताना मी बघत होते.

"आता याची गरज नव्हती," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. मी पोच मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही.

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी धाकटा दारात येऊन उभा राहिला. कामाचे बूट काढले नाहीत, आतही आला नाही. बाबांकडे न बघता मला म्हणाला की वरचं तोंड आज खड्ड्यात गेलं. जिथून ओढा निघतो तो झरा. गाडी कुणाची होती ते मी विचारलं नाही. तो जसा उभा होता त्यावरून कळत होतं. "ताई, उद्या बाबांना नेऊ नकोस," तो म्हणाला. बाबा आतून म्हणाले, "सात वाजता निघू."

सकाळी पुलाखाली उतरलो. एरवी वरच्या वळणावरच ओढ्याचा आवाज यायचा आणि बाबा माझ्या पाठीमागून कान टवकारायचे. त्या दिवशी स्कूटर बंद केल्यावर इंजिन निवण्याची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. काठ ओला होता, दगडांवर शेवाळ अजून हिरवं होतं. पट्टीच्या पायथ्याशी चिखल होता आणि चिखलात मधोमध पांढऱ्यावर काळा, इतकी वर्षं पाण्याखाली राहिल्याने नव्यासारखा कोरा, शेवटचा आकडा.

बाबांनी नेहमीच्या जागी उभं राहून वही उघडली. त्यांना माहीत होतं. कान होते त्यांना. तरी ते थांबले, कारण वाचल्याशिवाय लिहायचं नाही.

खोटं सांगावंसं मला वाटलं, हे कबूल करते. सात म्हणावं, पाच म्हणावं. एका म्हाताऱ्याला अजून थोडा ओढा द्यावा.

"शून्य," मी म्हटलं.

ते वाट बघत होते. दुसऱ्यांदा म्हणायचं होतं, कागदाकडे बघत. मी तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. मग बाबांनी मान खाली वळवली, जिथे कागद असायला हवा तिथे, आणि माझ्याऐवजी स्वतःच म्हणाले, "शून्य."

त्यांनी तारीख लिहिली, वेळ मला विचारून लिहिली, पातळी लिहिली. मी बोट शेवटच्या रकान्याखाली सरकवलं. त्यांनी सही केली नाही. पेन माझ्या हातात दिलं.

"कर," ते म्हणाले. "वाचलंस तू."

मी सही केली. कचेरीत दिलेल्या तीन वह्यांत नऊशे अकरा ठिकाणी त्यांच्या अक्षरात 'मुलगी' आहे. माझ्या हाताची सही एकच आहे, आणि ती शून्यासमोर आहे.